ओक-बुनचा अंगठा

चालू राहिलेलं बटण योम ओक-बुनला बघवत नसे. रिकाम्या खोलीत पंखा फिरतोय, न्हाणीघरात दिवा जळतोय, कुणी बघत नसताना टीव्ही आपला बडबडतोय, असं काही दिसलं की तिचा जीव कासावीस व्हायचा. सोलजवळच्या बुचॉन शहरातल्या त्या आठव्या मजल्यावरच्या घरात प्रत्येक खोलीत एक्स्टेंशनची पट्टी होती आणि प्रत्येक पट्टीवर लाल दिव्याचं बटण. मुलगा आणि सून आपापल्या कामाला लागले की ओक-बुन फेरीला निघे. कंबर वाकत नव्हती, म्हणून बटणं ती पायाच्या अंगठ्याने दाबायची. खट्, खट्, खट्. सगळं घर गप्प झालं की मग कुठे तिच्या घशाखाली जवाचा चहा उतरायचा.

"आई, वीज कंपनीने तुमच्या अंगठ्याचा सत्कार केला पाहिजे," सून मि-रान म्हणायची.

"सत्कार राहू दे. तू आधी ते केस वाळवायचं यंत्र भिंतीतून काढत जा."

लोक याला चिक्कूपणा म्हणत, पण तो चिक्कूपणा नव्हता. निदान ओक-बुनच्या मते तरी नव्हता. दक्षिणेकडच्या जॉल्ला प्रांतात, डोंगरातल्या तिच्या गावात वीज आली तेव्हा ती शाळकरी पोर होती. तिचे वडील आणि थोरले काका एकाच घरात राहत, मध्ये फक्त एक भिंत. दोन बल्ब परवडत नव्हते, म्हणून भिंतीला भोक पाडून त्यात एकच बल्ब टांगला होता, अर्धा उजेड इकडे आणि अर्धा तिकडे. बटण मात्र काकांच्या बाजूला. काकांना जांभई आली की इकडे अंधार. गणित अर्धवट राहायचं. ओक-बुन भिंतीवर मुठी आपटायची आणि पलीकडून काकू ओरडायची, "पोरीच्या जातीला कसली गं गणितं! झोप मुकाट्याने!"

पुढे ती सोलला आली, कुरो भागातल्या एका शिवणकारखान्यात मशीनवर बसली. तिथे उजेडाला काही तोटा नव्हता. इतक्या ट्यूबलाइट, की बाहेर दिवस आहे का रात्र हे कळायचं नाही, आणि बटण पुन्हा दुसऱ्याच कुणाच्या हातात. मग एका बसड्रायव्हरशी लग्न झालं, भाड्याची एक खोली मिळाली. पहिल्याच संध्याकाळी तिने तिथला दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला, पुन्हा विझवला. नवऱ्याने विचारलं, "बिघडलाय का?" ती म्हणाली, "नाही, आपला आहे."

नवरा गेल्यावर तिने बरीच वर्षं बाजारात किमची आणि चटण्या-कोशिंबिरी विकल्या, मग गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा एकुलत्या एका मुलाकडे, सोक-जेकडे, राहायला आली. सोक-जे घरीच काम करायचा. स्वयंपाकघराची कपाटं बनवणाऱ्या एका दुकानासाठी तो कॉम्प्युटरवर चित्रं काढून द्यायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला आपलं स्वयंपाकघर बनायच्या आधीच बघायला मिळायचं. मि-रान औषधांच्या दुकानात जायची. सासू-सुनेचं बरं चाललं होतं. एकमेकींना टोमणे मारण्याइतकं बरं चाललं होतं, आणि हे काही थोडं नाही.

पण त्या उन्हाळ्यात ओक-बुनने हाडांचा रस्सा उकळायला ठेवला आणि पातेलं जळून कोळसा झालं. घरभर धूर. मि-रानने एक शब्द वाकडा काढला नाही, आणि ओक-बुनला त्याचीच धडकी भरली. सुनेने खिडक्या उघडल्या, पातेलं गुपचूप बाहेर टाकलं, आणि काही दिवसांनी गोड आवाजात म्हणाली, "आई, वॉर्डाच्या केंद्रात स्मरणशक्तीची तपासणी करतात. तुमचं नाव घातलंय मी. नुसती तपासणी हो, तुमच्या वयाचे सगळेच जातात."

सगळेच जातात हे ओक-बुनला माहीत होतं. खालच्या मजल्यावरची जांग आजीसुद्धा गेली होती. त्यानंतर तिच्या घरच्यांनी तिला आधी म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रात पाठवलं, मग शहराबाहेरच्या वृद्धांच्या इस्पितळात, आणि आता तिच्या खोलीत नातवाचा पियानो होता. ओक-बुनला त्या पियानोचा आवाज वर ऐकू यायचा. तपासणीचा गुरुवार जवळ येऊ लागला तशी ती घरात जपून वागू लागली. गॅस दोनदा बघायची, बोलताना शब्द अडला तर मुद्दाम खोकायची. आपल्या हातून आता एकही चूक होता कामा नये, झाली तर आपली खोलीही गेली, अशी तिची खात्रीच पटली होती.

आणि नेमकी तेव्हाच चूक झाली.

त्या दिवशी इमारतीत रद्दी, बाटल्या, डबे वेगवेगळे करून टाकायचा वार होता. सोक-जे हातात पोती घेऊन खाली गेला. बाटल्यांची लेबलं सोलायची, खोके फाडून सपाट करायचे, वर पहारेकऱ्याची बोलणी खायची. माणूस त्यात अडकला की लवकर सुटत नाही. ओक-बुन त्याच्या खोलीत डोकावली. पंखा चालू, टेबलावरचा दिवा चालू, कॉम्प्युटरचा पडदा काळा. पडदा काळा म्हणजे मशीन झोपलंय, हे मुलानेच तिला कधीतरी सांगितलेलं. झोपलेल्याला वीज कशाला पाजायची? अंगठा पुढे झाला. खट्.

पंखा थांबला. दिवा गेला. आणि त्याबरोबर आणखीही काहीतरी थांबलं. कॉम्प्युटरच्या खोक्यातून इतका वेळ घूं-घूं असा आवाज येत होता, तो थांबल्यावरच तिच्या कानाला कळला. झोपलेलं मशीन घुरघुरत नाही. तिने घाईघाईने बटण पुन्हा दाबलं. घूं-घूं सुरू झालं, पडदा मघासारखाच काळा. होतं तसं झालं म्हणून ती सुटकेचा निःश्वास टाकून स्वयंपाकघरात गेली.

होतं तसं झालेलं नव्हतं. सोक-जे वर आला, वाट बघत बसला, मग त्याने मशीन बंद करून चालू केलं. आत पंखे फिरत होते, दिवे लागत होते, पडद्यावर मात्र काही उमटेना. त्याने तार बदलली. पडदाच गेला असेल म्हणून बैठकीतला टीव्ही जोडून बघितला. खोकं उघडून मेमरीच्या पट्ट्या काढल्या, त्यांचे पिवळे दात खोडरबराने घासले, एकेक करून आलटून पालटून लावल्या. बटणाएवढी बॅटरी काढून ठेवली, जेवून आला, परत लावली. मशीन आपलं घुरघुरतंय आणि पडदा काळाठिक्कर.

संध्याकाळी मि-रान आली. "झालं काय?"

"नवीन प्रोसेसर घेतलाय ना, तो बसवायच्या आधी मदरबोर्डचं आतलं सॉफ्टवेअर नवीन करावं लागतं. तेच करत होतो. फसलं."

"मी सांगितलं होतं, दुकानात दे. पण नाही! चार व्हिडिओ बघितले की हे झाले इंजिनियर."

"अगं, सगळं सांगितल्याप्रमाणे केलं मी. फाइलच खराब असणार. नाहीतर मीच कुठेतरी घाण केली."

ओक-बुन मुळ्याची पानं निवडत होती. आत्ता सांगावं, असं तिला वाटलं. मग पियानो आठवला. तिने खाली मान घालून पानं निवडली, चांगलीसुद्धा टाकून दिली.

दोन दिवस मुलगा त्या खोक्यापुढे उकिडवा बसून होता. कपाटवाल्या दुकानातून फोन येत होते आणि तो "आज देतो, उद्या देतो" करत होता. ओक-बुन त्याला कलिंगड कापून द्यायची, खोडरबराचा भुगा पुसून घ्यायची आणि मूग गिळून बाहेर यायची. तिला स्वतःची शरम वाटत होती. उभ्या आयुष्यात कुणाचं काही चोरलं नव्हतं, आणि आता पोटच्या पोराच्या माथी आपली चूक मारून ती त्यालाच कलिंगड खाऊ घालत होती.

शनिवारी सोक-जे खोकं दुरुस्तीसाठी सोलमधल्या योंगसानच्या कॉम्प्युटर-बाजारात न्यायला निघाला. उन्हाचा कहर होता. ओक-बुनने आपली बाजाराची चाकांची गाडी बाहेर काढली, खोकं गोधडीत गुंडाळलं आणि चपला घातल्या.

"तू कुठे?"

"गाडी माझी आहे. ती माझ्याशिवाय जात नाही."

खरं म्हणजे तिला घरात बसवत नव्हतं.

योंगसानच्या त्या जुन्या बाजारात आता निम्मी शटरं खाली असतात. तिसऱ्या मजल्यावर प्यो नावाच्या माणसाचं दुरुस्तीचं दुकान होतं. साठीचा, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलायला फटकळ. त्याने ओक-बुनला बघून स्टूल पुढे केलं, छोटा पंखा तिच्याकडे वळवला. "बसा आई. एवढ्या उन्हात तुम्हाला कशाला आणलं या शहाण्याने?" मग तो मुलाकडे वळला. "बोला साहेब, काय केलंत?"

"काही नाही केलं."

"हं. इथे येणाऱ्या कुणीच काही केलेलं नसतं. मशीनंच आपापली मरतात."

सोक-जेने सगळं सांगितलं. प्योने आपली मेमरी लावून बघितली, आपलं डिस्प्ले कार्ड लावून बघितलं, वीज देणारा डबाही बदलला. प्रोसेसरवरच्या थंड करणाऱ्या ठोकळ्याला बोट लावून थोडा वेळ तसाच राहिला. ठोकळा गारच होता.

"हे बघा," तो म्हणाला, "बोर्डावर एक चिप असते. वीज आल्यावर पहिलं काय करायचं, मग काय करायचं, हे तिच्यात लिहिलेलं असतं. तुम्ही नवीन लिहायला घेतलंत. लिहिताना मध्येच वीज गेली होती का?"

"नाही."

"कुणी बटण वगैरे?"

"छे! घरात फक्त आई होती."

"मग लिहून पूर्ण झालं असणार, आणि बोर्डच गेलं असणार. चिप काढून बघता येते, पण ती सोल्डर केलेली आहे, तापवून उचलावी लागते. बोर्डच मेलं असेल तर ती सगळी उठाठेव वाया. मला विचाराल तर दुसरं बोर्ड घाला आणि मोकळे व्हा. हे जाईल भंगारात."

सोक-जेने तोंडावरून हात फिरवला. "घाला दुसरं. चूक माझीच आहे. चांगलं चाललेलं बिघडवायची खोडच आहे मला. बायको म्हणते ते काही खोटं नाही."

ओक-बुनला आता फक्त गप्प बसायचं होतं. दुसरं बोर्ड आलं असतं, कॉम्प्युटर चालू झाला असता, आणि त्या दिवसाबद्दल कुणी कधी विचारलंही नसतं. पण मुलगा मान खाली घालून उभा होता. शाळेत असताना दुसऱ्याने फोडलेल्या काचेबद्दल बोलणी खाऊन घरी आला होता, तेव्हा असाच उभा होता. तिला ते सहन होईना.

"मी बंद केलं होतं," ती म्हणाली.

"काय?" सोक-जे.

"बटण. तू खाली गेला होतास तेव्हा. या अंगठ्याने."

सोक-जे तिच्या पायाकडे बघतच राहिला. प्योने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसला. "आई, नीट सांगा. तेव्हा पडद्यावर काय होतं?"

"काही नव्हतं. काळा होता. म्हणून तर मला वाटलं की झोपलंय. पण आत आवाज चालू होता. पंखा मोठ्याने फिरत होता. तो थांबला तेव्हा मला कळलं की हे झोपलेलं नव्हतं."

"खोक्यावरचा दिवा?"

"पांढरा. उघडमीट करत होता. एरवी नुसता लागलेला असतो."

"मग तुम्ही काय केलंत?"

"लगेच लावलं परत. तेव्हा तो उघडमीट करत नव्हता. नुसता लागून राहिला."

प्योने मांडीवर थाप मारली. "मग बोर्ड कशाला मरेल! लिहिताना मध्येच तोडलंय याला." तो खदखदून हसला. "किती वर्षं इथे बसलोय, 'मी केलं' म्हणणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघतोय. आई, तुमचा फोटो लावतो इथे."

"फोटो नको. एवढी चांगली वस्तू भंगारात टाकत होतात तुम्ही, ती नीट करा आधी," ओक-बुन म्हणाली. भीती वाटली की ती जरा जास्तच खेकसायची.

प्योने गरम हवेच्या नळीने नखाएवढी चिप उचलली, चिमट्याने एका छोट्या खोबणीत बसवली आणि आपल्या लॅपटॉपला जोडली. पडद्यावर आकड्यांच्या आणि अक्षरांच्या ओळी धावू लागल्या. धावता धावता एके ठिकाणी सगळ्या ओळी सारख्या झाल्या, एकच अक्षर, खालपर्यंत तेच.

"हे रिकामं," प्यो म्हणाला. "इथवर लिहून झालं, आणि इथे तुमचा अंगठा पडला."

"म्हणजे विसरलं ते?"

"विसरलं नाही, आई. सांगायचंच राहिलं त्याला."

त्याने पूर्ण फाइल पुन्हा लिहिली, चिप जागच्या जागी सोल्डर केली, बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा. पंखे आपोआप थांबले, पुन्हा फिरले. ओक-बुनने पदराशी चाळा करावा तसा गोधडीचा काठ चुरगाळला. "थांबा, पहिल्यांदा वेळ घेतं," प्यो पुटपुटला. आणि मग पडद्यावर उजेड आला, कंपनीचं चिन्ह उमटलं. सोक-जेच्या तोंडून नुसता "हाः!" असा आवाज निघाला.

परतताना स्टेशनवरच्या बाकावर गाडीची वाट बघत दोघं बसले. खोकं गोधडीत, दोघांच्या मध्ये. सोक-जे एकदम उसळला. "दोन दिवस, आई! दोन दिवस मी रबर घासत बसलो. तू बघत होतीस!"

"मला वाटलं, घासून होईल."

त्याला हसू आलं, पण ते टिकलं नाही. "मला सांगायला एवढी भ्यायलीस?"

"गुरुवार आहे ना," ती म्हणाली. "पातेलं झालं. आता हे. मि-रान काही बोलली नसती, खिडक्या उघडल्या असत्या. आणि मग जांग आजीसारखं."

"आई, कुणी तुला कुठे..." तो थांबला. सगळी वाक्यं त्याला पोकळ वाटली. जांग आजीच्या मुलानेही हेच म्हटलं असणार.

"हे बटण मी विसरून बंद केलं नाही," ओक-बुन म्हणाली. "विचार करून केलं. विचार चुकला. पातेल्याच्या वेळी फोनवर तुझी मावशी होती, तिचं तोंड काही बंद होत नाही, कुणाचंही जळलं असतं. हे दोन्ही मी त्या डॉक्टरला सांगेन."

"सांग."

"पण एक निराळं आहे. ते तुला माहीत नाही." ती समोरच्या रुळांकडे बघत होती. "बाजारातून येताना आपली इमारत सापडेना. सगळ्या सारख्याच की रे. नंबर आठवेना. फुलझाडांच्या कट्ट्यावर बसले. पहारेकऱ्याने विचारलं, तर म्हटलं, मुलाची वाट बघतेय."

सोक-जेने तिच्याकडे मान वळवली. आजूबाजूला लोक मोबाइलमध्ये डोकं घालून उभे होते. "मग घरी कशी आलीस?"

"खाली बसल्या बसल्या वर बघत होते. तुझ्या खिडकीत दिवा दिसला. एवढ्या लख्ख दुपारी कोण दिवा लावून ठेवेल? म्हटलं, हाच माझा लेक." ती जराशी हसली. "वर येऊन बंद केला."

"एकदाच झालं असं?"

"दोनदा." तिने बोटांकडे बघितलं. "नाही. तीनदा. एकदा थंडीत."

गाडी आली. माणसं उतरली, चढली. ती दोघं बसूनच राहिली. गाडी गेली. सोक-जेने खोकं उचलून पलीकडे ठेवलं आणि तिच्या जवळ सरकला. लहानपणानंतर तो आईच्या इतक्या जवळ बसला नव्हता. तिच्या अंगाला अजूनही लसणाचा तोच वास येत होता आणि त्याला रडू येत होतं.

"गुरुवारी मी येतो तुझ्याबरोबर," तो म्हणाला.

"ये. हे सगळं मीच सांगणार आहे. आपण काही केलंच नाही म्हणत बसलं, तर त्या डॉक्टरबाईला कळणार तरी कसं कुठे तुटलंय ते?" ओक-बुनने त्याचा हात हातात घेतला, घट्ट धरला. "पण ती काही विचारेल आणि मला लगेच सुचणार नाही, तेव्हा तू मध्ये बोलू नकोस हं. कितीही वेळ लागला तरी मला आठवू दे."